घरच्या घरी हेरेरासॉरस: तार, लगदा आणि एम-सीलमधून ट्रायासिक काळातला शिकारी

डायनासोरचं मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेक जण टी-रेक्स करायला घेतात, आणि दुसरा कुठला शिकारी डायनासोर करायचा झाला तरी शेवटी टी-रेक्सचीच बारकी आवृत्ती तयार होते. मोठं डोकं, टीचभर हात, शेपटी जमिनीला टेकलेली. हेरेरासॉरस करताना ही सवय मोडावी लागते. टी-रेक्स आणि आपल्यामध्ये साधारण साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे, तर हेरेरासॉरस आणि टी-रेक्समध्ये सोळा कोटींहून जास्त वर्षांचं. म्हणजे काळाच्या हिशोबात टी-रेक्स आपल्याला जास्त जवळचा.

हा प्राणी अर्जेंटिनाच्या सान हुआन प्रांतातला. तिथल्या इस्चिग्वालास्तो खोऱ्यातल्या खडकांत त्याची हाडं सापडतात. या खडकांच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखीच्या राखेचं वय सुमारे २३ कोटी १० लाख वर्षं येतं. व्हिक्टोरिनो हेरेरा नावाच्या तिथल्या एका शेळीपालकाला ही हाडं पहिल्यांदा दिसली. १९६३ मध्ये जीवाश्म-अभ्यासक ओस्वाल्दो रेग यांनी प्राण्याला त्याचंच नाव दिलं. पण तेव्हा हाताशी होते ते तुकडे, आणि डोकं कसं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९८८ मध्ये पॉल सेरेनो आणि फर्नांदो नोव्हास या जीवाश्म-अभ्यासकांच्या मोहिमेत चांगली कवटी आणि सांगाडा मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं बारकाईनं वर्णन प्रसिद्ध झालं. आपलं मॉडेल त्याच हाडांवर बेतायचं. त्याआधीची चित्रं कुठे मिळालीच तर बाजूला ठेवा, त्यांतलं डोकं कल्पनेतलं आहे.

आधी कागद, मग तार

मी १:५ हे प्रमाण सुचवेन. १:१० ला मॉडेल सुटसुटीत होतं खरं, पण तीन सेंटिमीटरच्या डोक्यात जबडा आणि दात घडवताना वैताग येतो. आणि १:५ पेक्षा मोठं केलं की लगदा वाळायला फार वेळ घेतो.

साधारण तीन मीटरचा प्राणी धरला तर आपल्या मॉडेलची मापं गोल करून अशी येतात: डोकं ६ सेंमी, मान ६, धड १३, शेपटी ३५. एकूण ६० सेंमी. मागच्या पायात मांडीचं हाड ७ सेंमी, नडगी सव्वासहा, घोट्यापासून बोटांच्या मुळापर्यंतची हाडं सव्वातीन. पुढच्या पायात, म्हणजे हातात, दंड साडेतीन, कोपरापासून मनगटापर्यंत तीन आणि पंजा साडेतीन. पंजा दंडाएवढा लांब हे वाचून माप चुकलं असं वाटेल. चुकलेलं नाही. हात एकूण आखूड असला तरी पंजा दणदणीत होता. काही नमुने यापेक्षा बरेच मोठे आहेत, सगळ्यात मोठी कवटी अर्ध्या मीटरहून लांब भरते. तेव्हा कोणी ‘हा तर पाच मीटरचा होता’ असं म्हणालं तर तेही खोटं नाही, आपण मध्यम आकाराचा प्राणी करतोय एवढंच.

आलेख कागदाचे दोन ताव जोडून प्राण्याचं बाजूनं दिसणारं चित्र पूर्ण मापात काढा. सुरुवात डोक्यापासून करायची नाही. कमरेपासून करायची.

कंबर: इथेच डायनासोर ठरतो

ट्रायासिक काळात, म्हणजे डायनासोर नुकतेच उदयाला येत होते तेव्हा, मांसाहारी सरपटणारे प्राणी ढिगानं होते. याच खोऱ्यात सॉरोसूकस नावाचा मगरींच्या गोतावळ्यातला शिकारी होता, हेरेरासॉरसहून लांब आणि कितीतरी वजनदार. त्याचंही डोकं मोठं, दात करवती. मग त्याला डायनासोर का म्हणत नाहीत? मुख्य उत्तर कमरेत आणि पायात आहे. डायनासोरच्या कमरेच्या हाडात मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबण आरपार उघडी असते. मांडीच्या हाडाचं डोकं आतल्या बाजूला काटकोनात वळलेलं असतं आणि त्या भोकात जाऊन बसतं. त्यामुळे पाय शरीराच्या थेट खाली, खांबासारखे उभे राहतात. सॉरोसूकसचेही पाय शरीराखाली सरळ असत, पण तिथे कमरेचं हाड वरून छपरासारखं मांडीवर टेकलेलं होतं. निसर्गानं एकाच अडचणीवर दोन वेगळे तोडगे काढले होते.

चित्रात कमरेची तीन हाडं हलक्या पेन्सिलीनं काढून घ्या. वर इलियम, ते आखूडच आहे. खाली दोन दांडे: मागे जाणारा इशियम आणि दुसरा प्यूबिस. शिकारी डायनासोरांत प्यूबिस सहसा पुढे, पोटाकडे झुकलेला असतो. हेरेरासॉरसमध्ये तो जवळजवळ सरळ खाली, किंचित मागेच जातो, आणि टोकाशी बुटासारखा जाड होतो. मॉडेलमध्ये हे हाड दिसणार नाही, पण पोटाची रेषा त्यावरूनच ठरते. पोट मागे पायांच्या मधून थोडं खाली उतरतं आणि मग शेपटीकडे वर चढतं. ही रेषा जमली की अर्धी लढाई जिंकली.

आणखी एक गोष्ट. कंबर पाठीच्या कण्याला फक्त दोनच मणक्यांनी जोडलेली होती. पुढच्या काळातल्या शिकारी डायनासोरांत हा आकडा पाच किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे हेरेरासॉरसची कंबर कण्याच्या लांबीत छोटी, म्हणून वरून पाहताना तो भाग लांबट करू नका.

तारेचा सांगाडा

सामान साधं आहे. १२ गेजची जीआय तार, बांधायला बाइंडिंग वायर, पक्कड, आणि तळाला पाऊण इंच जाडीची लाकडी फळी. हार्डवेअरच्या दुकानात ‘बांधकामाची तार’ मागितलीत तर बाइंडिंग वायरच हातात पडेल, म्हणून गेज सांगूनच मागा. ॲल्युमिनियमची तार वाकवायला सोपी जाते, पण ओल्या लगद्याचं वजन पडलं की पाय हळूहळू फतकल मारतात.

पाठीच्या कण्यासाठी एक अखंड तार घ्या, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मान सौम्य ‘एस’सारखी वळवा. पाठ जमिनीला समांतर. शेपटी कमरेतून सरळ मागे निघाली पाहिजे. हेरेरासॉरसच्या शेपटीत मणक्यांचे लांब टोकदार भाग पुढच्या मणक्यांवर चढलेले आहेत, त्यामुळे तिचा मागचा भाग ताठ राहत असे. पालीच्या शेपटीसारखी वेटोळी इथे शोभत नाही. डावी-उजवीकडे हलकासा बाक, तोही कमरेजवळ दिला की मॉडेल जिवंत वाटतं.

दोन्ही पायांसाठीही एकच तार वापरायची: एका पावलातून वर, कमरेत आडवी, दुसऱ्या पावलात खाली. साठ सेंटिमीटर तार पुरते, दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर फळीत घुसवायला सोडून. कण्याच्या तारेला ती कमरेशी बाइंडिंग वायरनं आवळून बांधा आणि त्या गाठीवर लगेच एम-सीलचा गोळा दाबा. ही गाठ सैल राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता तोल. पूर्ण झालेल्या प्राण्याचा भारमध्य कमरेच्या थोडा पुढे येतो, म्हणून पावलं बरोबर कमरेखाली ठेवून चालत नाही, जरा पुढे हवीत. यासाठी गुडघा पुढे येतो आणि मांडी तिरकी राहते. गुडघा सरळ केलात तर माणसानं मुखवटा घातल्यासारखं दिसतं. चालत्या पवित्र्यात एक पाऊल पुढे, एक मागे ठेवा. दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवलेलं मॉडेल बावळट दिसतं, माझं तरी हे ठाम मत आहे.

फळीत भोकं पाडून तार खालून वाकवून ठोका. शेपटीचं टोक पकडून हलकेच हलवा. सांगाडा डुलला तरी चालेल, पण पायातून वळायला नको.

अंगावर मांस चढवणं

जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून धडाभोवती बसवा आणि मास्किंग टेपनं घट्ट गुंडाळा. वजन कमी राहतं आणि लगदाही कमी लागतो. धड समोरून पाहिलं तर उभट अंडाकृती हवं, रुंदीपेक्षा उंची जास्त. पिंपासारखं गोल धड झालं की ते गवा-रेड्याचं वाटतं.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेपटीचं मूळ. शेपटीच्या बाजूच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत एक जाडजूड स्नायू जातो. पाय मागे खेचण्याचं, म्हणजे खरं पळण्याचं काम तोच करतो. मगरीत तो आजही पाहता येतो. त्यामुळे शेपटी कमरेशी काठीसारखी बारीक सुरू होत नाही. धडाच्या जाडीतूनच ती निघते आणि पहिल्या एक तृतीयांश भागात मांसल राहते, मग निमुळती होते. इथे कागद सढळ हातानं भरा.

मांडी रुंद आणि चपटी, नडगीचा वरचा भाग पोटरीनं भरलेला, घोट्याजवळ एकदम बारीक. घोट्याखाली मांस जवळजवळ नाहीच, नुसती हाडं आणि कातडी.

लगदा

वर्तमानपत्राचे कपटे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मिक्सरमधून काढा (जुन्या भांड्यातून, नाहीतर घरात महाभारत होईल) आणि फडक्यात बांधून घट्ट पिळा. पिळलेल्या लगद्यात फेव्हिकॉल आणि खडूची बारीक पूड मिसळून कणकेसारखा मळा. पूड घातली की वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासता येतं. कीड लागू नये म्हणून अशा कामात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे. मुलं हाताळणार असतील तर ते टाळा आणि लवंगेच्या तेलाचे चार थेंब घाला.

थर तीन-चार मिलिमीटरचाच द्या. जाड थर वरून कोरडा लागतो आणि आतून महिनाभर ओला राहतो, मग बुरशी धरते. सावलीत, वारा लागेल असं वाळवा. कडक उन्हात ठेवलंत तर पाठीवर लांब भेग पडणार. पावसाळ्यात हे काम काढूच नये, काढलंच तर पंख्याखाली ठेवा आणि धीर धरा. शाडू वापरायचा मोह होईल, पण आत तार असताना शाडू वाळून आकसतो आणि तार आकसत नाही, त्यामुळे सांध्या-सांध्यावर तडे जातात.

डोकं

इथून पुढे एम-सील. दोन्ही भाग सारखे घ्या आणि एकच रंग येईपर्यंत मळा. हातमोजे घाला, काहींच्या कातडीला ते झोंबतं. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागतं, म्हणून एका वेळी लिंबाएवढंच भिजवा. बोटं पाण्यात बुडवून काम केलं की चिकटत नाही.

हेरेरासॉरसचं डोकं बाजूनं पाहिलं तर लांबट आयताकृती आहे, वरून पाहिलं तर अरुंद. कपाळ उतरतं नाही, डोळ्यांपासून नाकापर्यंत वरची रेषा बरीचशी सपाट जाते. कवटीच्या प्रत्येक बाजूला ओळीनं मोकळ्या जागा आहेत: पुढे नाकपुडी, मग डोळ्याच्या अलीकडे एक मोठी पोकळी, मग डोळ्याची खोबण, मग तिच्या मागे आणखी एक, आणि माथ्यावर मागच्या बाजूला एक. यातली डोळ्याआधीची पोकळी अनेकांना फसवते. डोळा त्यात बसवला की चेहरा कोल्ह्यासारखा पुढे सरकतो. डोळ्याची जागा कवटीच्या मागच्या अर्ध्या भागात धरा. आणि या पोकळ्या जिवंत प्राण्यात कातडीखाली झाकलेल्या असत. मॉडेलवर त्यांचे खड्डे पाडलेत तर प्राणी उपाशी मेल्यासारखा दिसेल. हलका उतार पुरे.

जबडा उघडा ठेवायचा की बंद, हे आधीच ठरवा. मी बंद ठेवायच्या बाजूचा आहे. उघडा जबडा, बाहेर आलेली जीभ, ठिबकणारी लाळ हे सगळं जत्रेतल्या राक्षसाला ठीक. तरी उघडाच हवा असेल तर एक खरी गंमत दाखवता येते: खालच्या जबड्याच्या मधोमध एक सरकता सांधा होता, त्यामुळे जबड्याचा पुढचा भाग थोडा वाकून सावजावर पकड घट्ट करू शकत असे. बाजूनं पाहताना खालच्या जबड्याला मध्यावर अगदी किंचित बाक द्या. दात मागे वळलेले, चपटे, कमी-जास्त लांबीचे. टूथपिकची टोकं कापून बसवली तर ती गोल दिसतात, म्हणून आधी पॉलिशपेपरवर दोन्ही बाजूंनी घासून घ्या.

एक बारकावा हौसेनं करण्यासारखा आहे. १९८८ च्या मोहिमेत मिळालेल्या कवटीवर भरून आलेल्या जखमांचे खड्डे आहेत, बहुधा दुसऱ्या हेरेरासॉरसनं चावल्याचे. हाड त्यांच्याभोवती पुन्हा वाढलं आहे, म्हणजे प्राणी त्यातून वाचला होता. गालाच्या मागच्या भागावर दोन-तीन जुने व्रण काढा. त्यावर रंग आजूबाजूपेक्षा फिका द्या. दातांच्या रांगेपेक्षा हेच व्रण पाहणाऱ्याला थांबवतात.

हात आणि पाऊल

पंजाला बोटं पाच. अंगठा आणि पुढची दोन लांब, टोकाला बाकदार नख्या असलेली. चौथं आणि पाचवं बोट म्हणजे नुसते खुंट, नखीशिवाय. हे खुंट दाखवायला विसरू नका. पाच बोटांचा हात तीनवर येण्याच्या वाटेवरची पायरी इथे डोळ्यांनी दिसते. तळहात एकमेकांसमोर, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे ठेवा. तळहात जमिनीकडे करून लोंबणारे हात जुन्या चित्रपटांतून आले आहेत. मनगट तसं वळतच नसे.

पाऊलही पाच बोटांचं, पण भार मधल्या तिघांवर. पहिलं बोट छोटं, वर राहिलेलं. पाचवं तर नावापुरतंच. टाच हवेत. फळीवर तीन बोटांचाच ठसा उमटला पाहिजे.

कातडी आणि रंग

हेरेरासॉरसच्या कातडीचा ठसा मिळालेला नाही. त्यामुळे खवले द्यायचे की विरळ तंतू, ही तुमची निवड. मी बारीक खवले देतो. कांद्या-लिंबाची प्लॅस्टिकची जाळी ओल्या एम-सीलच्या पातळ थरावर हलकेच दाबा, काढा, मग सुईनं मान आणि सांध्यांवर आडव्या सुरकुत्या ओढा. सगळ्या अंगावर एकसारखी जाळी उमटवलीत तर फरशी वाटेल. पोटावर मोठे आडवे खवले, पायांच्या पुढच्या बाजूला पट्ट्या, बाकी ठिकाणी नुसता जुन्या टूथब्रशचा खरखरीतपणा.

आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात, मग रंग. पाठ गडद, पोट फिकं, मध्ये हळूहळू उतरता रंग. दबा धरणारे कितीतरी प्राणी आजही असेच रंगलेले असतात. भडक हिरवा वापरू नका. नख्या आणि डोळ्यांवर तेवढं चकचकीत वॉर्निश, बाकी सगळं मॅट.

पायाखालची जमीन

इथे दोन चुका सर्रास दिसतात. पहिली: फळीवर हिरवळ. ट्रायासिकमध्ये गवत नव्हतं, फुलंही नव्हती. दुसरी: आजच्या इस्चिग्वालास्तोचे फोटो पाहून वाळवंट करणं. हे खोरं आज इतकं उजाड आहे की तिथले लोक त्याला चंद्राची दरी म्हणतात. पण तेव्हा तो नद्यांचा पूरमैदानी प्रदेश होता, उष्ण, हंगामी जोरदार पावसाचा, जवळपास जिवंत ज्वालामुखी. उंच सूचिपर्णी झाडांची दगड झालेली खोडं तिथे सापडतात, खाली नेचे आणि इक्विसेटमसारख्या गाठीगाठीच्या वनस्पती होत्या.

म्हणून लालसर-करडा चिखल, त्यात एक आडवं खोड, बाजूला नेचे. इक्विसेटमसाठी खराट्याच्या हिरांचे तुकडे हिरवे रंगवून त्यांवर ठरावीक अंतरानं काळ्या गाठी काढा. खोडाला कुठल्याही झाडाची साल चालते, फक्त रुंद पानांचा पाचोळा पसरू नका, तो फुलझाडांचा असतो. शेजारी कोणी ठेवायचं असेल तर हायपेरोडापेडॉन हा चोचीचा, बसक्या बांध्याचा शाकाहारी ठेवा. याच प्रमाणात तो साधारण २५ सेंमी होईल. तो तिथे मुबलक होता, उलट डायनासोरच कमी होते. सॉरोसूकस मात्र ठेवायला जाऊ नका, तो मीटरभर लांबीचा होईल आणि तुमचा नायक त्याच्यापुढे झाकला जाईल. खऱ्या खोऱ्यातही तसंच होतं म्हणा.

पाटी

पाटीवर चार गोष्टी लिहा: नाव, प्रमाण १:५, काळ (सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी), ठिकाण (इस्चिग्वालास्तो, अर्जेंटिना). खाली बारीक अक्षरात ‘रंग व कातडी काल्पनिक’. ‘पहिला डायनासोर’ असं मात्र लिहू नका. तो सुरुवातीच्यांपैकी एक होता. त्याच खडकांत इओरॅप्टरसारखे मीटर-दीड मीटरचे डायनासोरही मिळालेत. हेरेरासॉरस थेरोपॉड (टी-रेक्स ज्यात मोडतो तो दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोरांचा गट) मानायचा की त्याच्या आधीच फुटलेली वेगळी फांदी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, म्हणून कुळाचं नाव लिहायचंच तर ‘हेरेरासॉरिड’ एवढंच पुरे.

शाळेच्या प्रदर्शनात ‘भारतात असा कोणी होता का?’ हा प्रश्न हमखास येतो. होता. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मलेरी खडकांत, तेलंगणाच्या बाजूला, म्हणजे आपल्या सिरोंच्यापासून फार लांब नाही, याच गोतावळ्यातल्या एका डायनासोरची हाडं मिळाली. २०२५ मध्ये त्याला मलेरीरॅप्टर असं नाव मिळालं. हाडं मोजकीच, मुख्यतः कमरेची आणि शेपटीची, पण तेवढ्यावरून गोतावळा ओळखता आला. मलेरी खडकांत हायपेरोडापेडॉनही सापडतो. तेव्हा भारत आणि दक्षिण अमेरिका एकाच महाखंडाचे भाग होते. मलेरीरॅप्टरचं वेगळं मॉडेल करायचा हट्ट धरू नका, डोक्यासकट जवळजवळ सगळंच उसनं घ्यावं लागेल. त्याऐवजी प्राणहितेचा छोटा नकाशा पाटीशेजारी चिकटवा.

मॉडेल नेताना शेपटीला धरून उचलू नका, फळीला धरा. आणि खोक्यात शेपटीच्या टोकाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, रिक्षाच्या धक्क्यांत पहिल्यांदा मोडतं ते तेच.